पाणवठ्यावर बसण्याआधी वारा ओळखा

रात्रभर मचाणावर बसूनही रानडुक्कर दिसलं नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुतेक वेळा डुक्कर आलेलं असतं. पाण्यापासून शंभर-दीडशे मीटरवर करवंदीच्या जाळीआड थांबून त्यानं नाक वर केलेलं असतं आणि ते आल्या पावली परत गेलेलं असतं. माणूस गप्प होता, हलला नव्हता, कपडेही मातकट होते. फक्त वारा त्याच्या पाठीवर होता.

ही विद्या मूळची शिकाऱ्यांची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम बसला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर ती बंदच झाली. पिकात धुडगूस घालणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला, म्हणजे नीलगाईला, हात लावायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. पण वारा ओळखायची गरज संपलेली नाही. बुद्ध पौर्णिमेला गौताळा-औट्रामघाट किंवा येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात पाणवठ्यावर वन्यप्राण्यांच्या गणनेला बसणाऱ्यांना ती लागते, लपणात बसून फोटो काढणाऱ्यांना लागते आणि ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्यालाही लागते. त्याला मात्र उलट्या बाजूनं.

कुणाचं नाक किती

वास ओळखण्यासाठी लागणारी जी जनुकं शरीरात चालू स्थितीत असतात, ती माणसात सुमारे ४०० आहेत. डुकरात ती हजाराच्या वर जातात. त्यामुळे डुकराला आपल्यापेक्षा वास नुसता जास्त येतो असं नाही, तो सुटा सुटा येतो. भाजीत लसूण आहे, कढीपत्ता आहे आणि ती कालची आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कळाव्यात तसं.

सगळ्या जनावरांचा हिशेब सारखा नसतो. रानडुकराची नजर अधू आणि नाक भारी, म्हणून त्याच्यासाठी वारा हाच पहिला आणि शेवटचा नियम. तरस, लांडगा, कोल्हा हेही नाकावर चालणारे. काळवीट उघड्या माळावर राहतं, त्याचा भरवसा डोळ्यांवर. तुमचा वारा अगदी बरोबर असला तरी उभं राहिलात की कळप उधळलाच. रोहीसुद्धा आधी बघतो आणि ऐकतो. बिबट्या शिकार शोधतो ती डोळ्यांनी आणि कानांनी, तरी माणसाचा ताजा वास आला तर तो पाण्याशी यायला तासभर लावू शकतो. मोर, तितर, भोरड्या यांच्यासाठी वाऱ्याची फार चिंता नको, तिथे हालचाल सांभाळा. म्हणजे नाथसागराच्या काठी पक्षी बघायला जाणाऱ्यानं या लेखातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

वास हवेत जातो कसा

बंद खोलीत उदबत्ती लावून बघा. धूर आधी सरळ वर जातो, मग वळतो, मग त्याच्या लडी सुटतात. पंखा लावला की तोच धूर पट्ट्यासारखा एका बाजूला ओढला जातो. माणसाच्या वासाचं हेच होतं. शरीराच्या उबेनं अंगालगतची हवा वर सरकते, डोक्यावर जाते आणि तिथे वारा तिला पकडतो. पुढे ती निमुळत्या टोकाकडून रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यात पसरते. या पट्ट्यात वास सगळीकडे सारखा नसतो. मध्ये दाट लडी असतात, मध्येच स्वच्छ हवा असते. म्हणूनच एखादं जनावर पट्ट्यातून चालत जातं, चार पावलं निर्धास्त असतं आणि पाचव्या पावलाला एकदम थबकतं.

वेग महत्त्वाचा आहे, पण लोक समजतात तसा नाही. पडलेला वारा सगळ्यात वाईट. ताशी १ ते ५ किलोमीटर वारा असताना फक्त धूर कलतो, तोंडाला काही कळत नाही. अशा हवेची दिशा दर दहा मिनिटांनी बदलते आणि वास तुमच्याभोवती तळं केल्यासारखा साचतो. ताशी ६ ते ११ किलोमीटरला वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पानं सळसळतात. १२ ते १९ किलोमीटरला बारीक फांद्या सतत हलत राहतात. हा टप्पा बसायला सगळ्यात चांगला, कारण दिशा टिकते आणि पानांच्या आवाजात तुमची खुसफुस बुडते. २० च्या पुढे धूळ आणि कागद उडू लागतात. तेव्हा जनावरंच अस्वस्थ असतात, कारण त्यांना आवाज आणि वास दोन्ही नीट लागत नाहीत. अशा वाऱ्यात फार अपेक्षा ठेवू नका.

दुसरी भानगड अडथळ्यांची. बांध, दगडी ताल, दाट बाभळीची रांग यांवरून वारा गेला की पलीकडच्या बाजूला हवा गोल फिरते आणि जमिनीलगत उलटी येते. दोन मीटर उंच बांधाच्या आडोशाला बसलात तर पुढचे दहा-वीस मीटर वारा कुठल्या कुठे जाईल याचा नेम नाही. बसायला तीच जागा सोयीची वाटते आणि तिथेच घात होतो. खळ्यावर उफणणी केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गोठ्याच्या भिंतीलगत सूप धरलं तर भूस परत तोंडावर येतं, म्हणून तो उघड्यावर जातो.

मराठवाड्यातला दिवस आणि रात्र

उन्हाळ्यात इथला मुख्य वारा मावळतीकडून, कधी वायव्येकडून येतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्य-पश्चिमेचा असतो. ऑक्टोबरनंतर फिरतो आणि हिवाळ्यात बहुतेक दिवस पूर्व-ईशान्येकडून येतो. म्हणजे मे महिन्यात बरोबर असलेलं लपण डिसेंबरात नेमकं चुकीच्या बाजूला असतं. ज्याला वर्षभर एकाच पाण्यावर बसायचं आहे त्यानं दोन जागा तयार ठेवाव्यात.

हा झाला मोठा वारा. अजिंठ्याच्या रांगेत किंवा बालाघाटात त्याच्या पोटात एक छोटा वारा असतो आणि गणनेच्या रात्री तोच जास्त नडतो. दिवसा ऊन लागून डोंगराचा उतार तापतो, उताराला लागलेली हवा हलकी होऊन वर चढते. संध्याकाळी उलटं होतं. उतार थंड झाला की जड हवा पाण्यासारखी खाली वाहायला लागते. ओढा, नाळ, घळ हे तिचे रस्ते. पाणी ज्या वाटेनं वाहतं त्याच वाटेनं रात्रीची हवा वाहते, एवढं लक्षात ठेवलं तर नकाशावर बोट ठेवून रात्रीचा वारा सांगता येतो.

बदल नेमका कधी होतो? मेच्या मध्यात इकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. पण काळा खडक दिवसभराची धग धरून ठेवतो, त्यामुळे हवा लगेच उलटत नाही. मध्ये अर्धा-एक तास ती कुठेच जात नाही, आणि नेमक्या त्याच वेळेला जनावरं पाण्याकडे निघतात. सावलीतला, पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी थंड होतो, पश्चिमेकडचा उशिरा. सकाळी सूर्य उगवल्यावर हाच खेळ उलटा. सहा ते आठ या वेळेत वारा केव्हा फिरेल याकडे लक्ष हवं. उघड्या माळावर मात्र पश्चिमेचा वारा रात्री उशिरापर्यंत वाहत राहतो. ओढ्यात उतरती हवा आणि माळावर पश्चिमेचा वारा, असं दोनशे मीटरच्या अंतरात एकाच वेळी चालू असू शकतं.

आणखी दोन गोष्टी नडतात. दुपारी बारा ते तीन जमीन भाजून निघालेली असते, वावटळी उठतात. तेव्हाच्या दिशेवर काहीच ठरवू नका. दुसरी गोष्ट वळवाची. संध्याकाळी ढग दाटला आणि एकदम गार वावधान सुटलं, तर ते ढगाच्या बाजूनं येतं आणि आधीचा सगळा हिशेब मोडतं. मोकळ्या जागेवर किंवा झाडाखाली विजेचा धोका असतो, तेव्हा त्या वेळी वास विसरा आणि सुरक्षित ठिकाणी जा.

वारा बघायची साधनं

बोट ओलं करून वर धरायची पद्धत जोराच्या वाऱ्यात चालते. पण जोराच्या वाऱ्यात तिची गरजच नसते.

सगळ्यात उत्तम साधन फुकट मिळतं: रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या. फेब्रुवारी ते मे या काळात तडकायला आलेलं बोंड तोडा, उन्हात उघडू द्या, खालचं बी चिमटीनं काढून टाका आणि नुसते रेशमी तंतू काडेपेटीत भरून ठेवा. बी ठेवलंत तर वजनानं म्हातारी लवकर खाली बसते. तोडताना रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. सावरीचा कापूस तंतू मोकळे करून वापरला तरी चालतो. एक तंतू सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचं. बाकी साधनं तुमच्या नाकापुढचा वारा दाखवतात, म्हातारी तीस-चाळीस मीटरवर काय चाललंय ते दाखवते. ती आधी पूर्वेला जाऊन मग ओढ्यात वळली, झाडीला लागून वर उचलली गेली, गोल फिरून परत आली, हे सगळं तुमच्या वासाचंही होणार आहे.

दुसरं साधन पुडीचं. झाकणाला बारीक भोक असलेली, दाबली की फुस्स करणारी छोटी प्लास्टिकची बाटली घ्या. ती एक तृतीयांशच भरा, उरलेली हवा राहू द्या, कारण ढग उडवते ती हवाच. आत कॉर्नफ्लोअर आणि गोळे होऊ नयेत म्हणून तांदळाचे आठ-दहा कोरडे दाणे. ज्वारीचं पीठ आणि रांगोळी जड असतात, सरळ खाली पडतात. टाल्कम पावडर तरंगते छान, पण तिला सुगंध असतो. वास लपवायला निघालेला माणूस गुलाबाचा ढग सोडतो, हा विनोद दर वर्षी कुठे ना कुठे घडतो. वस्त्रगाळ राखही चालते. बिडी किंवा उदबत्तीचा धूर मात्र जंगलात नको, वासामुळेही आणि वणव्यामुळेही. उदबत्तीचा सराव घराच्या गच्चीवर करा.

तिसरं, एक धागा. वीतभर लांब, जुन्या रेशमी कापडातून उसवलेला. मचाणाच्या खांबापासून थोडा दूर, डोळ्यांच्या रेषेत बांधून ठेवला की मान न वळवता वारा दिसतो. चांदण्यात पांढरा धागा बरा.

मोबाइलवरचा अंदाज दिवस ठरवायला ठीक, जागा ठरवायला नाही. तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा आणि कित्येक किलोमीटरच्या पट्ट्याचा असतो. ओढ्यातली उतरती हवा त्याला दिसत नाही. शिवाय एक घोटाळा नेहमी होतो: वाऱ्याला नाव तो येतो त्या दिशेचं असतं, पण अॅपमधला बाण बहुधा तो जातो तिकडे असतो. पश्चिमेचा वारा म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेला बाण. पहिल्यांदा बघताना बाहेर येऊन म्हातारी सोडून खात्री करा.

बसायचं कुठे

‘वारा तोंडावर घ्या’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो अपुरा आहे. डुक्कर आणि तरस पाण्यावर सरळ येत नाहीत. आधी पाणवठ्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला वळसा घालून, पाण्यावरून येणारी हवा घेऊन मगच पुढे येतात. तुम्ही वारा तोंडावर घेऊन बसलात तर तुम्हीही पाण्याच्या वाऱ्याखालीच असता, म्हणजे जनावर नेमकं तुमच्या मागून येतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: माझा वास जिकडे जाणार तिकडून जनावर येऊ शकतं का? मागे कडा असेल, मोठा जलाशय असेल, वर्दळीची गाडीवाट असेल तर जागा चांगली. मागे झाडी आणि पायवाट असेल तर वारा कितीही बरोबर असला तरी जागा वाईट.

एक उदाहरण घेऊ. ओढा दक्षिणेच्या डोंगरातून उत्तरेला वाहतोय, त्यात पाणवठा आहे, जनावरं मुख्यतः दक्षिणेच्या उतारावरून येतात. मेमधली दुपार, चार वाजलेत. वारा पश्चिमेचा, त्यात उतारानं वर चढणारी हवा उत्तरेकडून दक्षिणेला. दोन्ही मिळून हवा वायव्येकडून आग्नेयेला सरकते. रात्री हीच हवा ओढ्यातून दक्षिणेकडून उत्तरेला वाहणार. पश्चिमेला बसलात तर दुपारी वास पाण्यावर. दक्षिणेला बसलात तर दुपारी तो जनावरांच्या वाटेवर आणि रात्री पाण्यावर. सरळ उत्तरेला बसलात तर रात्र उत्तम, पण दुपारचा वास पाण्याच्या कडेला घासून जातो. ईशान्येला, पाण्यापासून चाळीसेक मीटरवर बसलात तर दुपारी वासाचा पट्टा पाण्याच्या पूर्वेकडून निघून जातो आणि रात्री ओढ्यासोबत उत्तरेला. निर्दोष जागा ही नाहीच, आग्नेयेकडून येणारं जनावर दुपारी हुकणार. पण जनावरं जास्त रात्री येतात, म्हणून हा तोटा परवडतो.

मचाण चार-पाच मीटर उंच असेल तर वास जवळच्या जनावराच्या डोक्यावरून जातो. याचा अर्थ तो नाहीसा झाला असा नाही, तो पुढे जाऊन खाली उतरतो. रात्री थंड हवा जमिनीलगत बसली की मचाणावरचा वासही घरंगळत ओढ्यात येतो. गणनेत मचाण वनखात्यानं ठरवलेलं असतं, तुम्हाला निवड नसते. तिथे उरतं ते जाण्या-येण्याचं. पायवाटेवरून न जाता वनरक्षक दाखवील त्या बाजूनं जा, झुडपांना हात लावू नका, पाण्याच्या काठावर फोटोसाठी फेरी मारू नका. जमिनीवर आणि पानांवर राहिलेला वास वारा बदलला तरी तिथेच राहतो.

अंगाचा वास

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले, जांघेतले, पायांवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा वास तयार होतो. म्हणून खरी युक्ती घाम न येऊ देण्याची आहे. उन्हात घाईनं तीन किलोमीटर चालून मचाणावर चढलेल्या माणसाची सकाळची अंघोळ वाया गेली असं समजा. तासभर आधी निघा, सावकाश चाला, बसायचा सदरा पिशवीत ठेवा आणि पोहोचल्यावर अंग कोरडं करून मग घाला.

कपडे सुती असावेत. पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतं आणि धुतल्यावरही सोडत नाही. एक बादली पाण्यात अर्धी वाटी खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, साध्या पाण्यातून दोनदा काढा, कडक उन्हात वाळवा. सुगंधी साबणपूड आणि कपडे मऊ करणारी द्रवं नकोत. वाळलेले कपडे स्वच्छ पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत पेट्रोलच्या चिंध्यांबरोबर किंवा स्वयंपाकघरात फोडणीजवळ नाही. बूट कॅनव्हासपेक्षा रबराचे बरे, ते वास कमी शोषतात.

खोबरेल, अत्तर, पान, तंबाखू हे सगळं बंद. लसूण तर आदल्या दिवसापासून. लसणातून पोटात तयार होणारं अॅलिल मिथाइल सल्फाइड रक्तात उतरतं आणि कित्येक तास श्वासातून आणि घामातून बाहेर पडत राहतं. दात घासून काही होत नाही. लसणाच्या ठेच्यावर वाढलेल्या प्रदेशात ही अट जड आहे, पण एका दिवसाचा प्रश्न. शिदोरीत भाकरी, गूळ, भाजके शेंगदाणे. लोणचं आणि चिवडा नको, आणि चिवड्याची खुळखुळणारी पिशवी तर नकोच. डासांसाठी मलमापेक्षा पूर्ण बाह्या आणि डोक्यावरची जाळी.

शेण फासणं, कडुलिंबाचा पाला चोळणं, धुरावर कपडे धरणं, या उपायांवर लोकांचा विश्वास असतो. डुकराला शेणही कळतं आणि शेणाखालचा माणूसही. कार्बनचे महागडे सूट नवे असताना थोडा वास शोषतात, पण तोंड आणि श्वास उघडाच राहतो आणि भरलेला कार्बन घरच्या धुण्यानं रिकामा होत नाही. वास मारणारी ओझोनची यंत्रं फुप्फुसाला त्रास देतात. ते पैसे वाचवा. साबण-सोड्यानं वासाचा पल्ला थोडा कमी होतो इतकंच. वारा चुकला तर त्या सगळ्याचा उपयोग शून्य.

उलटा हिशेब

राखणीला बसलेल्या शेतकऱ्याला वास पोहोचवायचा असतो. न्हाव्याकडचे केस, घामट जुने सदरे पिकाच्या चारी बाजूंनी टांगतात, पण डुक्कर येतं ते वाऱ्याखालच्या बाजूनं. वास देणारी वस्तू त्या बाजूच्या धुऱ्यावर जास्त हवी. तिची जागा चार-पाच दिवसांनी बदला, नाहीतर डुक्कर सरावतं. कुंपणात थेट लाइनची वीज सोडणं माणसांचेही जीव घेतं आणि गुन्हा आहे.

आणि नुसतं जंगलातून जायचं असेल, बघायचं काही नसेल, तर वारा तोंडावर असताना गप्प चालू नका. पिलांसह असलेल्या डुकरिणीला तुमचा वास येत नसतो आणि वळणावर दोघंही एकदम समोर येता. बोलत चाला, काठी आपटत चाला.

गणनेच्या वहीत वाऱ्याचा एक रकाना आखून घ्या. दर अर्ध्या तासाला वेळ, म्हातारी कुठे गेली, पानं हलतायत का, एवढंच. रात्री नऊ ते अकरा एकही जनावर दिसलं नाही आणि त्याच दोन तासांत वारा तुमच्याकडून पाण्याकडे होता, तर शेऱ्यात तसं लिहा. वही वाचणाऱ्याला त्या शून्याचा अर्थ लागला पाहिजे.